टीव्हीतलं अंगण

मे महिन्यातली दुपार होती, तीन-साडेतीनची. खालच्या वाडीतून पाखाडी चढून वर आलो तेव्हा खांद्यावर अर्धं पोतं नारळ होते आणि डोळ्यांपुढे काजवे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, त्या वेळी वारा असा भणाणत असतो की फाटकाची कडी वाजली तरी घरात ऐकू येत नाही. आई बैठकीच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसलेली, समोर टीव्ही लागलेला. मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तिनं मान न वळवता विचारलं, "आलास? सोलून आणलेस की सोडणासकट?"

"पाठीला डोळे आहेत का गं तुझ्या?"

"टीव्हीत दिसलास."

पोतं खाली टाकून मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि पाहिलं. मालिकेत रात्र होती. वाड्यात कुणीतरी कुणाच्या तरी दुधात काहीतरी कालवत असावं, असं पार्श्वसंगीतावरून वाटत होतं. दिसत मात्र काहीच नव्हतं. पडद्यावर होतं ते आमचं अंगण. गडगा, फाटक, पत्र्यावर वाळत घातलेली कोकमं आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची झळझळीत पांढरी पट्टी. सगळं उलटं, डावीकडचं उजवीकडे, पण इतकं स्वच्छ की फाटकावर बसलेला कावळासुद्धा ओळखू यावा. "तुला मालिका दिसते तरी का गं?" मी विचारलं. "दिसते की. दिवसाचा प्रसंग असला की दिसते. रात्रीचा असला की ऐकते." एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला खुपलं. घर बांधून अडीच वर्षं झाली होती. दर महिन्याला मी पुण्याहून येत होतो, औषधं आणत होतो, गॅस बघत होतो, पंपवाल्याला फोन करत होतो. आणि आमच्या आईची निम्मी मालिका अडीच वर्षं अंगणात वाहून जात होती, हे मला नारळाचं पोतं घेऊन योग्य वेळी दारात उभा राहिलो म्हणून कळलं.

हे घर माझ्या हट्टाचं. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या पलीकडे आमचं गाव. जुनं घर खाली आगरात, माडा-पोफळींच्या सावलीत. सड्यावरची जागा म्हणजे नुसता कातळ आणि गवत, तिथे गुरं सोडायची. पण तिथून समुद्र दिसतो. शहरात वीस वर्षं समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या पाइपांकडे बघत काढलेल्या माणसाला समुद्र दिसतो म्हटल्यावर दुसरं काही दिसेनासं होतं. पश्चिमेची अख्खी भिंत मी खिडक्यांना दिली. सरकत्या, जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होणाऱ्या, साडेबारा फूट रुंद. पडवी काढली नाही, कारण पडवीचं छप्पर समुद्राच्या आड येत होतं. बाबा तेव्हा होते. नकाशा उलटसुलट करून बघत म्हणाले, "पडवी नसलेलं घर म्हणजे पापणी नसलेला डोळा रे." मी ते हसण्यावारी नेलं. चिऱ्याच्या भिंती उठताना ते रोज काठी टेकत वर यायचे, सावली शोधायचे आणि ती नसल्यामुळे परत जायचे. वास्तुशांत त्यांनी पाहिली, पुढचा पावसाळा नाही.

जुन्या घरात उजेड ही मागून घ्यायची गोष्ट होती. अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात असं आत जावं तसतसा डोळा मोठा करावा लागे. माजघर भर दुपारीही थंड, शेणाच्या आणि जुन्या भाताच्या वासाचं. तिथे वर मंगळुरी कौलांच्या रांगेत एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाची एक तिरीप खाली उतरायची, तिच्यात धूळ तरंगायची आणि जमिनीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन पडायचा. तो चौकोन दिवसभर सरकत असे आणि आजी त्यावर घड्याळ लावी. जात्यापाशी आला की भात चढवायचा, खांबाला टेकला की वाढायला घ्यायचं.

आमचा पहिला टीव्ही या माजघरात आला, १९८७ साली. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या फळ्यांच्या दाराचा. ओटीवर ठेवावा असं पुरुषांचं मत होतं, पण आजीच्या लेखी ती वस्तू दागिन्यांच्या जातीची, म्हणून आत. काचेवर काकांनी रत्नागिरीहून आणलेला रंगीत प्लास्टिकचा पडदा: वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसावं ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात सगळ्या देवांची कपाळं निळी आणि हनुवट्या हिरव्या. कुणाला त्याचं काही वाटत नसे. अँटेना बांबूला बांधून पोफळीच्या वर काढलेला, एक पोर कायम बाहेर तो फिरवायला आणि एक दारात, "मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या" असं ओरडायला. रविवारी साडेनऊला पौराणिक मालिका लागायची आणि नेमका त्याच सुमाराला आजीचा उन्हाचा चौकोन टीव्हीवर चढायचा. रामाच्या चेहऱ्यावर आला की रामच नाहीसा. मग मला किंवा चुलतभावाला कौलांवर चढवत. काचेच्या कौलावर गोणपाट टाकायचं, चार कोपऱ्यांना चार दगड, की खाली माजघरातून समाधानाचा एक सामुदायिक हुंकार वर यायचा. एक अख्खं घर उजेडाचं एकच भोक बुजवून टीव्ही बघत होतं. आणि मी मोठेपणी साडेबारा फुटांचं भोक पाडून घेतलं.

बायकोनं फोनवर दोन शब्दांत निकाल दिला: "पडदे लाव." आईचं म्हणणं वेगळं. पडदे खाऱ्या वाऱ्यानं चिकट होतात, पावसात त्यांना बुरशी धरते, आणि मुख्य म्हणजे "उजेडासाठी घर बांधलंस ना?" तिच्या बोलण्यात खोच होती की नव्हती, मला कळलं नाही. तिला उजेडाचं वावडं नाहीच. कोकमं, कुळीथ, आंबोशी, सगळं तिला त्या उन्हात हवं. ऊन वाया जाऊ देणं हा तिच्या हिशेबात नारळ कुजू देण्याइतका अपराध. तिला ऊन अंगणात हवं आणि उजेड घरात. मी दोन्ही एकदम आत घेतली होती.

टीव्ही भिंत बदलून लावावा हा साधा उपाय. खिडकीला काटकोनातल्या भिंतीवर पडदा नेला की निम्मा त्रास संपतो. पण उत्तरेच्या भिंतीपुढे झोपाळा आहे, जुन्या घरातून कड्यांसकट आणलेला, आणि दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार. झोपाळा हलवणं शक्य नव्हतं. का, ते विचारू नये. बाबा त्यावर बसत.

तेव्हा टीव्हीच बदलायचा ठरला. जुना काही बिघडला नव्हता, म्हणून मला थोडं चोरट्यासारखं वाटत होतं. मी ते कामाच्या स्वरूपात करायला घेतलं, म्हणजे अपराधी वाटत नाही. मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप उतरवलं. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण अंदाज देतो. रात्री दिवा लावून टीव्हीच्या भिंतीपाशी दीडशे लक्सच्या आसपास, दुपारी आठ-नऊशे, आणि पाच वाजता ऊन थेट आत आलं की आकडा धावत सुटे. मग लक्षात आलं की हे ऊनही एका जागी राहत नाही. मार्गशीर्षात सूर्य खिडकीच्या डावीकडच्या, दक्षिणेच्या टोकाला बुडतो; मेच्या अखेरीला उजवीकडे, पार जयगडच्या बाजूला. आपल्या अक्षांशावर हा फेरा जवळजवळ ४९ अंशांचा असतो. आजीचा चौकोन दिवसभर सरकायचा, माझा वर्षभर सरकत होता. फक्त आषाढ-श्रावणात खोली अशी काळवंडते की टीव्ही बिचारा छान दिसतो. पण तेव्हा वीज नसते, किंवा गडगडतं म्हणून आईनं प्लग काढून ठेवलेला असतो.

एका रात्री झोपाळ्यावर बसून हिशेब केला. पडद्याची उजळता निट्समध्ये सांगतात. एक चौरस मीटरमागे एका मेणबत्तीएवढा प्रकाश म्हणजे ढोबळमानानं एक निट. मालिकेतला रात्रीचा प्रसंग पाच-दहा निट्सचा असतो, एखाद्या वेळी त्याहून कमी. आणि खिडकीतलं आभाळ? तिथे हजारांच्या भाषेत बोलावं लागतं. पाच हजार निट्स धरले आणि साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकते असं धरलं, तरी टीव्हीच्या काचेत दोनशे निट्सचं आभाळ उभं. दहा निट्सची सून दोनशे निट्सच्या समुद्राशी झुंजणार कशी? हे गणित सुटल्यावर मला मालिकेतल्या त्या दुधात कालवणाऱ्या बाईविषयी पहिल्यांदाच सहानुभूती वाटली.

रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी एका दुकानात गेलो. आईलाही नेलं, ती "मला काय कळतंय" म्हणत जरीकाठाची साडी नेसून आली. टीव्हीचं दुकान ही मोठी फसवी जागा असते, यात दुकानदाराचा दोष नाही. खिडक्या नाहीत, भिंती गडद आणि सगळ्या पडद्यांवर पोपट, फुलं, मधाच्या धारा, रंग पार वर चढवलेले. आमच्या जुन्या माजघरासारखंच. तिथे कुठलाही टीव्ही सुंदरच दिसणार. विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. त्यानं आम्हाला सरळ कोपऱ्यातल्या ओएलईडीपुढे उभं केलं. "काका, यात मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. काळा म्हणजे काळा. काकू, बघा." पडद्यावर चांदण्या होत्या. खरं सांगतो, मी विरघळलो. पुण्यात असं आभाळ दिसत नाही; सड्यावर अमावास्येला दिसतं, तितकं काळं. आई म्हणाली, "छान आहे," आणि किंमतीची चिठ्ठी वाचून पुन्हा म्हणाली, "छान आहे हो," पण आता आवाज खाली.

मला दोन गोष्टी आड आल्या. एक तर तो काळा काळोखातच काळा. खोलीत उजेड असला की काळेपणा पडदा किती विझतो यावर ठरत नाही, काच किती उजेड परत फेकते यावर ठरतो. काही ओएलईडी पडदे तर भर उजेडात काळ्याऐवजी जांभळट करडे दिसतात. शिवाय सगळा पडदा एकदम पांढरा झाला, क्रिकेटच्या सामन्यात किंवा बर्फाच्या दृश्यात, की ते स्वतःला जपायला मंद होतात. आणि दुसरी गोष्ट आईनंच बोलता बोलता सांगितली. मुलानं सहज विचारलं, "काकू, दिवसाला किती तास बघता?" आई म्हणाली, "बघत नाही रे एवढी. सकाळी लावते तो रात्री बंद करते. घरात कुणी बोलतंय असं वाटतं." एकच वाहिनी, एकच बोधचिन्ह वरच्या कोपऱ्यात, दिवसाचे बारा-चौदा तास. ओएलईडीतले ठिपके सेंद्रिय द्रव्याचे. जळतील तसे झिजतात, आणि एकाच जागी तेच चित्र तासन् तास राहिलं तर तिथली झीज कायमची उमटते. म्हणजे दोन-तीन वर्षांत त्या काळ्या आभाळात वाहिनीची खूण गोंदली जायची. मी मुलाला हे म्हटलं, त्यानं मान डोलावली. माझ्या डोक्यात मात्र आईचं वाक्यच फिरत होतं. टीव्ही निवडायला आलो होतो आणि आमच्या घरात दिवसभर कोण बोलतं ते कळलं होतं.

मग एलसीडीच्या रांगा. इथे मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांच्या झडपा. क्यूएलईडी हा शब्द ओएलईडीशी इतका मिळताजुळता ठेवलाय की गोलाला एक शेपूट तेवढी जास्त. आत मात्र एलसीडीच, रंग निखारायला क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, पापुद्रा घातलेला. हसू नका, पण त्या पापुद्र्यामागे नोबेल आहे: २०२३ चं रसायनशास्त्राचं, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना. आणि मागच्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना. सहा शास्त्रज्ञ आमच्या आईच्या मालिकेत राबत होते आणि समुद्र त्यांना पुरून उरत होता.

मिनी एलईडी हा त्यातला पुढचा प्रकार. मागे बारीक दिव्यांची दाटी, त्यांचे शेकडो गट, आणि चित्रात जिथे काळोख तिथला गट मंद करायचा. ओएलईडीइतकी सफाई येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती पावसाळी चंद्रासारखं खळं पडतं. पण उजेड दणकून, झळकत्या जागी हजार निट्सच्या वर, आणि खुणा गोंदल्या जायची भीती नाही. पडद्याच्या जातीचा प्रश्न उरला. व्हीए जातीत काळा चांगला, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएसमध्ये बाजूनं ठीक, काळा मात्र पिठूळ. झोपाळ्यावरून टीव्ही तिरका दिसतो. पण झोपाळ्यावर आता कोण बसतं? मी, महिन्यातून दोन दिवस. आई समोर बसते. व्हीए.

शेवटची परीक्षा मी घरून ठरवून आलो होतो. "हे सगळे बंद करा," मी म्हटलं. मुलगा बावरला. टीव्ही दाखवायला सांगणारी माणसं त्यानं पाहिली होती, विझवायला सांगणारा पहिलाच. पोपट गेले, मध गेला, आणि रांगेत काळे चौकोन उभे राहिले. मी मोबाईलची बॅटरी लावून एकेकापुढे धरत गेलो. पहिल्यात मी मिशीसकट स्पष्ट, केस विरळ झालेलेही कळावेत इतका. दुसऱ्यात जरा निळसर, पुसट; काचेवर परावर्तन मारणारा थर होता. तिसऱ्याचा पृष्ठभाग बारीक खरखरीत, मॅट. त्यात मी नव्हतोच, नुसता एक दुधी ढग. अशा पृष्ठभागावर आरसा मोडून जातो, पण उजेड कुठे जात नाही. तो पसरतो आणि चित्रावर पातळ साय धरल्यासारखी दिसते. शुद्धतावाद्यांना ती साय आवडत नाही. आमच्या साडेबारा फुटांपुढे मला ती चालणार होती. आई मागे उभी राहून तिन्ही चौकोनांत बघत होती. "यात तू दिसत नाहीस," ती तिसऱ्यापुढे म्हणाली. मी विजयानं म्हटलं, "तेच तर हवंय!" ती काही बोलली नाही. पंचावन्न इंचांचा, मॅट, मिनी एलईडी. पैसे भरले, बाहेर येऊन लिंबू सरबत प्यायलो.

टीव्ही लागला तेव्हा मी पुण्यात होतो. जूनच्या तोंडावर, पहिल्या सरींच्या आधी, पुन्हा गेलो. या वेळी उन्हं कलल्यावर पोचलो, तसंच भणाणतं वारं. दारात आलो आणि थबकलो. उन्हाचा पट्टा भिंतीवर खांद्याइतका चढला होता आणि त्या उन्हात, भर उन्हात, पडद्यावर रात्र होती, दिसणारी रात्र. समईच्या ज्योती, बाईच्या साडीचा पोत, तिच्या हातातली वाटी. दूध नव्हतंच, पायस होतं. मी खूश होऊन तसाच उभा राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं. आई बघत होती, अगदी गुंगून, आणि मी तिच्या पाठीमागे आठ फुटांवर उभा होतो, आणि तिला पत्ता नव्हता. कुणीही उभं राहू शकलं असतं. शेवटी मी खाकरलो. बाबा पायरीवर येताना खाकरायचे ना, तसं. मुद्दाम नव्हे, आपोआप तसंच आलं.

आई केवढी दचकली. रिमोट पडला, खालचं झाकण उडून सेल दोन दिशांना गेले. "कोण?"

"अगं, मी."

"मेल्या, हाक मारायला काय होतं?" छातीवर हात ठेवून ती म्हणाली आणि मग बराच वेळ माझ्याकडे वळून बसून राहिली. मालिका मागे चालू होती. सेल मी झोपाळ्याखालून काढले. त्या दिवशी चित्राबद्दल मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "छान दिसतं. काळोखसुद्धा दिसतो." बेल बसवून देतो म्हटलं, तर "बेल वाजवून कोण येतं इथं?" हेही खरंच. दूधवाला, पोस्टमन, खालची वहिनी, सगळे पाखाडी चढून सरळ आत येणारे. जुन्या टीव्हीत तिला ते कसे ओळखू यायचे, तेही तिनं त्या रात्री सांगितलं. मागून ऊन असल्यामुळे चेहरे दिसत नसत, नुसत्या सावल्या. पोस्टमन फाटक पायानं ढकलतो. वहिनी गडग्यापाशी थांबून पदर सारखा करते. "आणि तू डावा खांदा पाडून चालतोस. बाबांसारखा."

पुढच्या खेपेला श्रावण लागला होता. पावसानं उघडीप दिली होती, अंगणात शेवाळ, फाटकाच्या कडीला गंज. मी मुद्दाम हाक मारायची ठरवून तोंड उघडणार, तोच आतून आलं, "आलास? पाय धुऊन ये, चिखल आहे."

ती पाठमोरीच होती. पडदा पाहिला, तसाच आंधळा, त्यात ना फाटक ना मी. जेवण झाल्यावर ती आत भांडी आवरत असताना मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. टीव्हीच्या उजव्या हाताला, टेबलावर, फडताळातला लाडवांचा मोठा स्टीलचा डबा आणून ठेवलेला होता, राखेनं घासून लखलखीत केलेला. त्याच्या गोल पोटात अंगण होतं. गडगा दोन्हीकडून आत वळलेला, फाटक काडीएवढं, मागे समुद्राचा एक उभा तुकडा. खालची वहिनी आत येत होती, ताडमाड उंच आणि काठीसारखी बारीक, पदर सारखा करत.

"डबा सरकवू नकोस रे," आई आतून म्हणाली.